गोदावरीच्या उत्तर तीरी

परभणीहून पूर्णेकडे गाडी निघाली की पहिलं स्टेशन पिंगळी. मग मिरखेल, मग पूर्णा. एक्सप्रेसमध्ये बसलेल्या माणसानं चहाचा कप तोंडाला लावून खाली घेईपर्यंत पिंगळी मागे पडलेलं असतं. त्या एका घोटात माझी अकरा वर्षं गेली आहेत. वडील तिथं पाइंटमन होते, आणि स्टेशनाला लागून असलेल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये आम्ही चौघं राहायचो. अण्णा, आई, मी आणि माझी धाकटी बहीण.

तेव्हा लाईन मीटर गेजची होती आणि रूळ एकच. समोरासमोरून दोन गाड्या येऊ नयेत म्हणून जी व्यवस्था होती, ती अण्णांनी आम्हां दोघींना इतक्यांदा समजावली होती की मी पाढे विसरेन, पण ती विसरणार नाही. स्टेशनमास्तरांच्या खोलीत लोखंडी पेटीसारखं एक यंत्र, तसंच पलीकडच्या स्टेशनात. दोन्ही तारेनं एकमेकांना बांधलेली. इकडच्यानं विचारायचं, तिकडच्यानं हो म्हणायचं, मगच यंत्रातून धातूचा एक गोळा बाहेर पडायचा. तो चामड्याच्या बटव्यात घालून, बटवा वेताच्या मोठ्या कड्याला अडकवून ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. एक गोळा बाहेर असला की दुसरा निघत नसे, कुणी कितीही खटपट केली तरी. मधला रूळ रिकामा झाल्याशिवाय पुढच्या गाडीला वाट नाही. याला लाईन क्लिअर म्हणत. आमच्या घरात हा शब्द सगळ्यालाच लागू होता. आईनं चुलीवरून वरणाचं पातेलं उतरवलं की अण्णा बाहेरून विचारायचे, "लाईन क्लिअर?" म्हणजे आता तवा चढणार का.

आमच्या ओळखीत ख्रिस्ती घर गावात आमचंच. आजोबा जालन्याकडचे, बेथेलचे. नारायण शेषाद्री नावाच्या, ब्राह्मण घरात जन्मून १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या पाळकांनी जालन्याजवळ ती वस्ती वसवली, आणि तिच्यासाठी जमीन दिली निजामाचे दिवाण सालारजंग यांनी. ब्राह्मण पाळक, स्कॉटलंडचं मिशन, मुसलमान दिवाण आणि राबणारे बहुतेक गावकुसाबाहेरचे. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला आपली मुळं सांगताना नेहमी असा दम लागतो. पिंगळीत मात्र कुणी फार विचारलं नाही. आम्ही "टेसनावरचे" होतो, तेवढं पुरे होतं.

रविवारी सकाळच्या पॅसेंजरनं परभणीला जायचं, उपासना, मग बाजार, आणि दुपारच्या गाडीनं परत. नोव्हेंबर सरता सरता एक रविवार वेगळा निघायचा. वेदीवर जांभळं कापड असायचं आणि पाळकसाहेब नेहमीपेक्षा सावकाश बोलायचे. 'आगमनकाळ' हे पुस्तकातलं नाव. घरात आम्ही 'आगमनाचे रविवार' म्हणायचो. चार रविवार, मग नाताळ. ३० नोव्हेंबरला जो रविवार सर्वांत जवळ, तो पहिला. म्हणून तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्यात कुठंही पडतो, आणि हा काळ कधी २२ दिवसांचा, कधी २८ दिवसांचा होतो. चर्चचं नवं वर्ष त्याच दिवशी लागतं. पाचव्या शतकात फ्रान्समधल्या तूर गावच्या बिशपांनी ११ नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत आठवड्यातले तीन दिवस उपास लावून दिला होता, असा उल्लेख सापडतो. आमच्यापर्यंत येईतो उपास झिजून गेला, करंज्या मात्र शिल्लक राहिल्या.

पण अण्णांनी एक गोष्ट लावून दिली होती. मालधक्क्यावरच्या रद्दी फॉर्मांच्या कोऱ्या बाजू एकत्र शिवून ते आम्हां दोघींना एकेक वही करून देत. आगमनाची वही. पहिल्या रविवारी रात्री कंदिलापाशी बसून तिच्यात लिहायचं, की येशूच्या वाढदिवसापर्यंत मी काय करणार. चार रविवार, चार ओळी. पाचवी लिहायची नाही. जास्त डबे लावले तर इंजिन चढणीला दम टाकतं, हे त्यांचं कारण.

त्या वहीचा एक नियम पुढं आला तो स्टेशनमास्तरांच्या घरच्या सत्यनारायणामुळं. पूजेला अख्खं स्टेशन होतं. आम्हीही प्रसादाच्या आशेनं दाराशी बसलो होतो. भटजींनी यजमानांच्या हातावर पाणी ठेवलं आणि संकल्प सांगायला सुरुवात केली. शिऱ्याचा वास दरवळत होता आणि हे काही संपेना. अण्णांनी शेजारच्या कारकुनाला हळूच विचारलं, हे काय चाललंय. तो म्हणाला, पत्ता सांगतायत. कुठल्या खंडात, कुठल्या देशात, गोदावरीच्या कुठल्या तीरावर, कुठला शक, कुठलं संवत्सर, कुठला महिना, तिथी, वार. एवढं झाल्यावर मग नाव, गोत्र, आणि सगळ्यात शेवटी काय हवंय ते. आमची पिंगळी गोदावरीच्या उत्तर तीरावर येते, हे मला त्या दिवशी कळलं. गोदावरी तिकडं गंगाखेडला, आमच्यापासून चांगलीच लांब. पण देवाला पत्ता सांगताना तिचंच नाव घ्यायचं.

घरी येताना अण्णा खुश होते. म्हणाले, "भटजींचं काम चोख आहे. आधी गाडी कुठं उभी आहे ते सांगितलं, मग लाईन मागितली." त्या वर्षापासून वहीतल्या चार ओळींच्या वर पत्ता आला. पिंगळी, गोदावरीच्या उत्तर तीरी, आणि त्याखाली आज मी कशी आहे ते एका वाक्यात. माझं पहिलं वाक्य होतं : 'आज मी आईशी खोटं बोलले.' धाकटी तेव्हा सहा वर्षांची. तिनं लिहिलं होतं, 'आज मी ठीक आहे.'

शेजारच्या काकूंचा मार्गशीर्ष याच सुमारास यायचा. मार्गशीर्षातले गुरुवार म्हणजे घरात घट, पाच पानं, फळं, लक्ष्मीची कहाणी, आणि शेवटच्या गुरुवारी सवाष्णींना हळदीकुंकू. काकू मला विचारायच्या, "तुमचे किती असतेत गं रविवार?" मी चार म्हणायचे. "आमचे बी चारच." एखाद्या वर्षी त्यांना पाच गुरुवार मिळत, तेव्हा त्या जरा पुढं गेल्यासारख्या दिसत. दोन्ही घरांत एकच लगबग असे. सारवण व्हायचं, डबे घासले जायचे आणि कुणीतरी यायचंय म्हणून उंबरठ्यावर रांगोळी पडायची. आमच्या दाराशी रांगोळी आई काढत नसे, काकू काढून जात. फरक एवढाच होता की काकूंच्या व्रताला फळ होतं. कहाणीच्या शेवटी राणीचं राज्य परत मिळतं. माझ्या चार ओळींच्या शेवटी काय मिळणार, हे मी अण्णांना विचारलं होतं. ते म्हणाले, "काही मिळत नाही. तो येतो." दहा वर्षांच्या मुलीला हे उत्तर अगदीच तोट्याचं वाटलं होतं.

माझ्या ओळींचा इतिहास फार उज्ज्वल नाही. नवव्या वर्षी 'धाकटीला चिमटे काढणार नाही, रविवार सोडून.' पंधराव्या वर्षी संपूर्ण बायबल. कॉलेजात दर शुक्रवारी उपास. तो तिसऱ्या शुक्रवारी मैत्रिणीच्या हुरड्याच्या बेतात बुडाला. पुढं नोकरी लागली आणि दर मार्चला टार्गेट पुरं करायची सवय अंगात भिनली, तशी वहीसुद्धा टार्गेटाची झाली. एका वर्षी ठरवलं की यशया संदेष्ट्याचे ६६ अध्याय वाचायचे. रोज तीन म्हणजे २२ दिवसांत काम उरकतं, वर दोन-तीन दिवस हाताशी राहतात. रात्री झोपण्याआधी मी वाचलेल्या अध्यायांवर बरोबरच्या खुणा करत असे. चाळिसाव्या अध्यायात प्रभूसाठी रस्ता तयार करा अशी हाक आहे. दऱ्या भरून काढायच्या, उंचवटे उतरवायचे, खडबडीत ते सपाट करायचं. परभणीत राहणाऱ्या माणसाला हा अध्याय वाचताना आध्यात्मिक अर्थाआधी दुसराच अर्थ सुचतो. मी हसले, खूण केली, पुढच्या अध्यायावर गेले. वाचलं सगळं. त्यातलं एक वाक्य मला नाताळच्या दिवशी आठवत नव्हतं.

चर्चमध्ये आता हिरवं कडं ठेवतात. त्यात चार मेणबत्त्या, दर रविवारी एक लावायची. आशा, शांती, आनंद, प्रीती. ही चाल फार जुनी असेल असं मला वाटायचं, पण ती १८३९ सालची आणि जर्मनीतली. हाम्बुर्गमध्ये योहान हिनरिक विकर्न नावाचे पाळक गरीब, बेवारस मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी येणार, कधी येणार म्हणून मुलं रोज डोकं खायची. त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं, त्यावर रविवारच्या चार मोठ्या पांढऱ्या आणि मधल्या दिवसांच्या लहान लाल मेणबत्त्या बसवल्या, आणि रोज एक लावू लागले. पोरांना दिवस मोजता आले. हे मी संडे स्कूलच्या मुलांना सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "जगात जर्मनी, भारतात परभणी!" वर्ग कोसळला. मला मात्र ते चाक फार आवडलं. सोन्याची समई नाही, चांदीचं निरांजन नाही, बैलगाडीचं मोडकं चाक. पिंगळीत तशी चार तरी सापडली असती.

सहा वर्षांपूर्वी, २०१९च्या पावसाळ्यात, आई गेली. शेवटचे चौदा महिने ती परभणीला माझ्याकडे अंथरुणाला खिळून होती. धाकटी पुण्याला. ती यायची, दोन दिवस राहायची, आईचे केस विंचरायची, रडायची, जायची. दफनाच्या दुसऱ्या दिवशी आईच्या पाटल्यांवरून विषय निघाला. पाटल्यांना अर्थ नव्हता, दोघींनाही नको होत्या. पण बोलता बोलता ती म्हणाली, "आईला तू सांभाळलंस म्हणून आई तुझ्या एकटीच्या मालकीची झाली का?" आणि मी म्हणाले, "मालकीची नाही, पण तू पाहुणी होतीस." आजवर हा प्रसंग मी ज्यांना ज्यांना सांगितला, त्यांना तिचं वाक्य सांगितलं. माझं वाक्य इथं पहिल्यांदा लिहिते आहे.

त्यानंतरच्या वह्या काढून पाहिल्या. २०१९ : 'धाकटीशी बोलणे.' २०२०, करोनाचं वर्ष, वही काढलीच नाही. २०२१ : 'धाकटीला क्षमा करणे.' २०२२ : 'धाकटीसाठी रोज प्रार्थना.' २०२३ : 'धाकटीचा विषय निघाला तर उठून न जाणे.' २०२४ला नुसतं 'धाकटी'. क्रियापदसुद्धा उरलं नाही.

या अपयशावर मी एक पांघरूणही शोधून काढलं होतं. उत्तर भारतातल्या वेगवेगळ्या पंथांनी एक व्हावं म्हणून बोलणी सुरू झाली १९२९ साली. एकाला बाप्तिस्मा मोठेपणी हवा, एकाला तान्हेपणी. एकाला बिशप हवा, एकाला नको. अखेर सहा मंडळ्या नागपुरात एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते २९ नोव्हेंबर १९७० रोजी. तो आगमनाचा पहिला रविवार होता. दिवस मुद्दाम निवडला की तसा जुळून आला, काही असो. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी सहा जणांनी एका पंगतीला बसावं हे मला देखणं वाटतं. पण माझ्या उपयोगाचा होता तो मधला आकडा. ४१ वर्षं. शहाण्यासुरत्या, देवाधर्माच्या माणसांना जर ४१ वर्षं लागतात, तर आम्हां दोघींच्या हातात अजून ३५ आहेत, असं मी स्वतःला सांगत असे. हे विनोदानं म्हणायची, आणि मग त्यावरच राहायची.

यंदा पहिला रविवार ३० नोव्हेंबरला आला. चर्चमधून येऊन वही उघडली. पत्त्याच्या ओळीवर 'परभणी' लिहिलं आणि पेन थांबलं. उत्तर तीर तर परभणीलाही आहेच. पण वर्षानुवर्षं मी त्याखालचं वाक्य लिहायचं सोडून दिलं होतं. आज मी कशी आहे, ते. पत्ता टाकायचा आणि थेट ओळींवर उतरायचं. म्हणजे गाडी कुठं उभी आहे ते न सांगताच दर वर्षी लाईन मागत होते. पलीकडचा हो कशाला म्हणेल?

ओळी लिहिल्या नाहीत. गुरुवारी, ४ डिसेंबरला, पॅसेंजर पकडून पिंगळीला गेले.

स्टेशन ओळखू येत नाही. रूळ दुहेरी झाले, गोळ्याचं यंत्र मीटर गेजबरोबरच गेलं. आमच्या क्वार्टरच्या जागी बोरीचं रान आहे. यंदा सप्टेंबरच्या अतिवृष्टीनं सोयाबीन वावरातच सडवलं, तरी रब्बीची ज्वारी हिरवीगार उभी होती आणि तुरीच्या शेंगा भरत आल्या होत्या. काकू आहेत. पंच्याऐंशीच्या पुढं, वाकलेल्या, पण डोळे तेच. दुसरा गुरुवार होता, सुनेनं घट मांडला होता. मला पाहून काकू म्हणाल्या, "एकलीच आलीस? धाकटी काऊन नाही आली?"

"तिला सुट्टी नाही मिळाली, काकू," मी म्हणाले.

पन्नास वर्षांनी, त्याच ओट्यावर, तेच वाक्य पुन्हा लिहिण्याजोगं झालं. आज मी काकूंशी खोटं बोलले.

चहा झाल्यावर काकूंचा नातू मला बारव दाखवायला घेऊन गेला. आमच्या लहानपणी या बारवेत बोरी-बाभळी माजलेल्या होत्या, खाली उतरायची बंदी होती. आम्ही दोघी काठावर पालथ्या पडून खडे टाकायचो. आवाज यायचा नाही. मी म्हणायची, कोरडी आहे. धाकटी म्हणायची, "खाली पाणी आहे, तुला ऐकू येत नाही." यावरून झालेलं भांडण चांगलं दोन दिवस टिकलं होतं. शेवटी अण्णांनी निकाल दिला होता की पाणी असेल किंवा नसेल, पण आधी गाळ आहे.

गेल्या काही वर्षांत परभणी जिल्ह्यात बारवा मोकळ्या करण्याचं वेड लागलं आहे. गावोगावची पोरं सुट्टीच्या दिवशी टिकाव-पाट्या घेऊन उतरली. वालूरच्या बारवेच्या पायऱ्या तर चक्रासारख्या वळत खाली जातात, ती मोकळी झाल्यावर लांबून माणसं पाहायला येऊ लागली. काकूंचा नातू अशा दोन-तीन ठिकाणी राबून आला आहे. मी विचारलं, आपल्या बारवेत इतकं पाणी कुठून आलं रे? तो म्हणाला, "आणलं नाही ना कुणी. गाळ काढला तसं झरे लागले. पाणी होतंच की खाली." मग त्यानं गाळात काय काय निघालं ते सांगितलं. फुटक्या घागरी, चपला, गणपतीच्या विसर्जनातले लोखंडी सांगाडे, एक सायकलचं चाक, आणि शेवटी भिंतीतला रिकामा कोनाडा, ज्यात एके काळी देव असणार.

खालच्या पायऱ्या पाण्याखाली होत्या. मी वरून चौथ्या पायरीवर बसले. नातू फोनवर बोलत बाजूला गेला.

त्या दिवशी पौर्णिमा होती, दत्तजयंती. देवळातल्या भोंग्यावरून कीर्तन लागलं होतं. जन्म सांज झाल्यावर, तोवर बुवा अवधूताचे चोवीस गुरू सांगत होते. पृथ्वी, वारा, कबूतर, अजगर करत करत स्वारी पिंगळेपाशी आली. लहानपणी हे नाव ऐकलं की आम्ही दोघी एकमेकींना कोपरानं ढोसायचो. पिंगळा पिंगळीचीच असणार, याबद्दल आम्हांला शंका नव्हती. ती विदेह नगरीची गणिका होती, हे पुष्कळ उशिरा कळलं.

भागवताच्या अकराव्या स्कंधातली ही गोष्ट एकनाथांनी आमच्याच मराठवाड्यात, पैठणला बसून लिहायला घेतलेल्या ग्रंथात मराठीत आणली. तो ग्रंथ पुरा झाला काशीत, १५७३ साली. गोष्ट तशी लहान आहे. पिंगळा नटूनथटून संध्याकाळी दारात उभी राहते. रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस तिला तोच वाटतो ज्याची ती वाट पाहते आहे. तो पुढं निघून जातो. ती आत जाते, पुन्हा बाहेर येते. आत, बाहेर. मध्यरात्र होते. मग तिला वीट येतो, आशा सुटते, आणि ती आत जाऊन गाढ झोपते. आशा हेच मोठं दुःख, असं बुवा भोंग्यावरून ठणकावून सांगत होते. आणि चारच दिवसांपूर्वी आम्ही चर्चमध्ये पहिली मेणबत्ती लावली होती ती आशेची. माझ्यातली संडे स्कूलची बाई लगेच वाद घालायला उठली.

पण बुवा पुढं गेले. पिंगळेच्या लक्षात येतं ते असं, की दारातून येणाऱ्याची वाट पाहता पाहता जो अगदी जवळ, काळजातच बसलेला आहे, त्याच्याकडं आपण पाहिलंच नाही. तिची आशा मरते म्हणजे गिऱ्हाइकाची मरते.

मी पायरीवर बसून सहा वर्षांच्या माझ्या दाराचा हिशेब केला. फोन वाजला की आधी नाव बघायचं. पुण्याचा नंबर असला की काळीज एकदा वर-खाली. नाताळच्या सकाळी मुद्दाम मोबाइल खिशात. वहीत 'क्षमा करणे' लिहिलं होतं, पण क्षमा करायला आधी समोरच्यानं ती मागायला यावं लागतं, ही अट मी वहीत लिहिली नव्हती, मनात ठेवली होती. माझी चार ओळींची साधना ही दारात नटून उभं राहणंच होतं. ती येईल, मान खाली घालेल, चुकलं म्हणेल. मग मी मोठेपणानं हात पुढं करीन. सहा आगमनकाळ मी ज्याची वाट पाहत होते, तो येशू नव्हता. त्याच्या नावाखाली मी बहिणीची माफी मागवत होते.

हे कळल्यानं फार काही हलकंबिलकं वाटलं नाही. उलट लाज वाटली, आणि थंडी. डिसेंबरात परभणीकडं ऊन उतरायला लागलं की गारवा एकदम पायांतून चढतो, आणि दगडी पायरीवर तर बसवत नाही. नातू परत आला. त्याला विचारलं, गाळ काढताना सगळ्यात अवघड काय होतं? मला वाटलं तो शेवटचा तळाचा थर म्हणेल. तो म्हणाला, "पहिला दिवस. कुणी खाली उतरंना."

काकूंनी निघताना ओटीत पेरू आणि शेंगा घातल्या. आमच्यात ओटी नसते हे त्यांना पन्नास वर्षं माहीत आहे, आणि पन्नास वर्षं त्या घालतात. "पुढच्या गुरुवारी तिला घेऊन ये," म्हणाल्या. मी मान हलवली. खोटं बोलायचं राहिलं, एवढंच.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटाच्या बाकावर बसून पिशवीतून वही काढली. पत्ता लिहिला : पिंगळी, गोदावरीच्या उत्तर तीरी. खाली एक वाक्य : 'मी तिला पाहुणी म्हणाले.' चार ओळींची जागा तशीच ठेवली. तिकडं देवळात दत्तजन्माची घंटा वाजू लागली. एक एक्सप्रेस न थांबता धडाडत गेली; खिडक्यांचे पिवळे चौकोन एकामागून एक माझ्या वहीवरून सरकले. त्यांतल्या कुणाच्या तरी हातात चहाचा कप असणार.

गाडी गेली, आवाज विरला. मी नंबर लावला.

चार वेळा वाजला. पाचव्यांदा उचलला गेला. पलीकडं कुकरची शिट्टी झाली, मग गॅस बारीक केल्याचा आवाज.

"ताई?"

मी काय बोलायचं ते ठरवलं होतं. ते काही तोंडातून निघेना.

"ताई, कुठंयस तू?"

"पिंगळीला," मी म्हणाले. "टेसनावर."

बराच वेळ ती काही बोलली नाही. कुकरची आणखी एक शिट्टी झाली.

"बारवेत पाणी आहे का गं?" तिनं विचारलं.